घाणीवरचे जेजुरकर

इंटरकॉम उचलला की जेजुरकर साहेब कधी हॅलो म्हणत नसत. "हां, घाण बोलतोय," असं म्हणत. नवीन माणूस पलीकडे गडबडला की त्यांना मनापासून आनंद व्हायचा.

निफाडच्या रस्त्यावरच्या त्या डेअरीत प्रत्येक खात्याला आपापलं टोपणनाव होतं. पावडरवाले, श्रीखंडवाले, गेटवाले. मी लॅबमध्ये दूध तपासायची, म्हणून मला 'नापासवाली' म्हणत. सांडपाणी साफ करणाऱ्या खात्याचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते उच्चारायला कुणाला सवड नव्हती. 'घाणीवर फोन लाव', 'घाणीवरून माणूस बोलाव' असाच सगळा व्यवहार. जेजुरकर त्या घाणीचे साहेब. नव्वदच्या दशकात मी तिथे लागले तेव्हा ते पंचेचाळिशीचे असतील. उंच, ताठ, आणि रोज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. सबंध डेअरीत सगळ्यात पांढरा शर्ट घाणीवरच्या माणसाचा, ही गोष्ट त्यांनी ठरवून केलेली होती.

साहेब नम्र वगैरे अजिबात नव्हते. आपल्या खात्याइतकं हुशारीचं काम डेअरीत दुसरं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते कुणी न विचारताही सांगत. "दुधाचं दही कुणीही करतं हो मॅडम. घाणीचं पाणी करून दाखवा." संध्याकाळी सुटी झाली की ते चंदनी साबणाने आंघोळ करून मगच कंपनीच्या बसमध्ये चढत, आणि तरीही शेवटच्या बाकावर खिडकीशी बसत. एकदा मी म्हटलं, "साहेब, पुढे या की, काही वास येत नाही." तर म्हणाले, "वास शर्टाला नसतो मॅडम, हुद्द्याला असतो." कॅन्टीनमध्येही लोक त्यांच्यापासून एक टेबल सोडून बसत. दिवसभर आंबलेलं दूध हुंगून माझं नाक कामातून गेलेलं होतं, त्यामुळे मी त्यांच्यासमोर बसायची. इंदिरानगरला आमच्या इमारतीही शेजारी शेजारी होत्या. ओळख वाढली ती अशी.

त्यांची विद्या त्यांनी मला कॅन्टीनमध्येच शिकवली. शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे कायम बेदाणे असत, निफाडकडचे. एका दुपारी त्यांनी गोटी सोडा मागवला, ग्लासात ओतला आणि त्यात चार बेदाणे टाकले. बेदाणे तळाला गेले. जरा वेळाने त्यांच्या अंगाला बुडबुडे चिकटले आणि एकेक बेदाणा डुलत डुलत वर आला.

"बेदाणा हलका झाला का? नाही. हवेनं त्याला धरून आणला. आमच्या हौदात हेच होतं." एवढं सांगून त्यांनी बेदाण्यांसकट सोडा पिऊन टाकला.

दुधाच्या कारखान्यातून जे पाणी बाहेर पडतं ते मुख्यतः धुण्याचं. टाक्या, पाइप, कॅन, फरशी. त्यात साय, तूप, ताक असं सगळं मिसळलेलं. हा तुपकटपणा तळाला बसत नाही आणि धड वरही येत नाही, मधल्या मध्ये राहतो. पूर्वी ते पाणी तसंच मागच्या नाल्यात जायचं, नाल्यावर पांढरट तवंग धरायचा आणि खालच्या गावातली माणसं येऊन गेटवर भांडायची. जेजुरकरांनी शेठच्या मागे हात धुऊन लागून हवेची यंत्रणा बसवून घेतली. एका बंद टाकीत पाणी आणि हवा दाबाखाली कोंडायची. ते पाणी मोठ्या हौदाच्या तळाशी सोडलं की दाब सुटतो आणि डोळ्यांना वेगवेगळे दिसणारही नाहीत इतके बारीक बुडबुडे निघतात. ते तुपाचे कण उचलून वर आणतात. वर जाड साय धरते, ती एक फळी हळूहळू ओढून बाजूला काढते, आणि खालून स्वच्छ पाणी निघतं.

ते बुडबुडे इतके बारीक असत की हौदाच्या तोंडाचं पाणी थेट दुधासारखं पांढरं दिसे. एकदा शेठच्या आई डेअरी बघायला आल्या होत्या. त्यांनी तो हौद पाहिला आणि तिथेच उभ्या राहून मुलाला झापायला सुरुवात केली. "एवढं दूध गटारात सोडतोस? म्हणून बरकत नाही." शेठ काही बोलायच्या आत जेजुरकरांनी काचेचा ग्लास हौदात बुडवला आणि आईंच्या हातात दिला. पांढऱ्याशुभ्र ग्लासात तळापासून पाणी निवळत वर चाललं. बघता बघता सगळा ग्लास नितळ झाला, वर फक्त थोडी साय राहिली. आईंनी ग्लासाला नमस्कार केला. पुढे महिनाभर जेजुरकर ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होते, आणि प्रत्येक वेळी आईंचा नमस्कार थोडा अधिक वाकून होत होता.

या ग्लासाचं त्यांना वेड होतं. रोज सकाळी आल्या आल्या ग्लास भरून उजेडासमोर धरायचा. पाणी मनासारखं निवळलं तर दिवस चांगला. नाहीतर पुंजारामचं काही खरं नसे. पुंजाराम हा त्यांचा ऑपरेटर, जवळच्याच वस्तीवरचा, देवभोळा आणि हुकमाचा पक्का.

साहेबांची धाकटी बहीण सुमन खालच्याच गावात दिलेली होती. साहेबांचं घराणं म्हणजे भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्यांचं, तिचं सासरही तसंच. मेथी, कोथिंबीर आणि दसऱ्याला झेंडू. डेअरीमागचा नाला तिच्या मळ्याच्या बांधाला लागून पुढे नदीकडे जायचा. विहीर तीन भावांत सामाईक, पाण्याची पाळी उशिरा यायची, पण तवंगामुळे नाल्याचं पाणी कुणी घेत नसे. हवेचा हौद सुरू झाल्यावर साहेब तो ग्लास घेऊन तिच्याकडे गेले. मेव्हण्यांचा, म्हणजे दाजींचा, विश्वास बसेना. दाजी मुळात कमी बोलणारे. ते पाणी नुसतं हुंगत राहिले.

"दाजी, प्यायला म्हणत नाही मी. पण फुलाला, भाजीला खुशाल भरा. जबाबदारी माझी," साहेब म्हणाले. सुमनताईंनी त्याच आठवड्यात नाल्यावर इंजिन बसवायला लावलं. भाऊ बोलला म्हणजे बोलला.

त्या वर्षापासून झेंडू दुप्पट व्हायला लागला. दसऱ्याच्या सकाळी सुमनताई आणि दाजी फुलांचे ढीग घेऊन आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर येऊन बसत, आणि साहेब रस्त्यात उभे राहून गॅलरीतल्या बायकांना हाका मारत. "अहो कुलकर्णी काकू, आमच्या पाण्यावरची फुलं आहेत, खाली या." फुलं सुमनताईंची, मेहनत दाजींची, पाणी मात्र 'आमचं'. दाजी गालातल्या गालात हसत माळा मोजून देत.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, ही आपल्याकडची रीत. साहेबांच्या वडिलांनी आयुष्यभर ती पाळली. खुरपं, कुदळ, इंजिन, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू वाहून दिवसभर निवांत ठेवायचं. साहेब एरवी देवधर्मात नव्हते, पण ही एक गोष्ट त्यांच्या अंगात मुरलेली होती. डेअरीची मुख्य मशीनं थांबत नसत, कारण दूध थांबत नाही. त्यांना चालतानाच कुंकू लावत. घाणीवर मात्र साहेब पंप आणि कॉम्प्रेसर धुऊन घेत, झेंडूची माळ घालत, नारळ फोडत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवत. येणारं पाणी दिवसभर साठवायला एक वेगळा मोठा हौद होता. तेवढं मावतं, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो दरवर्षी बरोबर यायचा.

पण दसरा म्हणजे श्रीखंड. त्या वर्षी श्रीखंडाची मागणी अशी काही वाढली होती की चक्का बांधायला कापड पुरेना. चक्क्याचं आंबट पाणी आणि वर धुण्याचं पाणी, दोन्ही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. श्रीखंडवाल्यांनी साहेबांना तसं आधीच सांगितलं होतं. साहेबांनी ऐकलं, पूजा केली, मशीनं बंद केली आणि सुटी म्हणून घरी गेले. दुपारी पुंजाराम लॅबमध्ये आला, कारण बाहेरचा फोन तिथे होता.

"साहेब, हौद काठाला आलाय. चालू करू का?" तो विचारत होता. पलीकडचं ऐकून त्याने फोन ठेवला. चेहऱ्यावरचा घोर उतरला होता. "साहेब म्हणले, मावंल. पूजा मोडू नको," असं मला सांगून तो हात जोडूनच गेला.

मावलं नाही. तिन्हीसांजेच्या आत हौद भरून वाहू लागला आणि ते सगळं तुपकट, आंबट पाणी नाल्यात गेलं. नेमक्या त्याच वेळी खाली सुमनताईंच्या मळ्यात खुडलेल्या झेंडूचे ढीग पडले होते, आणि फुलं सकाळपर्यंत टवटवीत राहावीत म्हणून त्यांच्यावर मावळत्या उजेडात, घाईघाईने नाल्यातून बादल्यांनी पाणी मारून ओली गोणपाटं टाकली जात होती.

दसऱ्याच्या सकाळी मी पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेले तेव्हा साहेब नेहमीसारखे गॅलऱ्यांकडे बघत हाका मारत होते. तेवढ्यात कुलकर्णी काकू नेलेली माळ परत घेऊन आल्या. "अहो, याला आंबूस वास येतोय. देवाला कसं घालू हे?" त्यांनी माळ ढिगावर ठेवली आणि बोटं पदराला पुसली. बोटं बुळबुळीत झाली होती. मग दुसरी बाई आली, मग तिसरी. सुमनताईंनी ढीग उपसून बघितला. आतली फुलं काळपट पडून चिकटली होती.

साहेबांनी एक फूल उचलून नाकाशी नेलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं, आणि त्यांना कळलेलं मला कळलं. वीस वर्षं ज्या वासात त्यांचा दिवस गेला, तो त्यांना परका थोडाच होता.

सुमनताईंच्या ध्यानीमनीही ते नव्हतं. भावाच्या पाण्यावर संशय घ्यायचा हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्या दाजींवर उलटल्या. "गोण्या कशाच्या आणल्या व्हत्या? दुधाच्या पावडरीच्या आणल्या आसतील. तुमाला धू म्हनलं व्हतं का नाय मी? एक काम सरळ व्हत नाय तुमच्यानं. वरीसभराचं सोनं घाण केलं." रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर त्या बोलत होत्या आणि थांबत नव्हत्या. दाजी म्हणाले, "धुतल्या व्हत्या गं." एवढंच. मग खाली मान घालून फुलं परत गोण्यांत भरू लागले.

साहेब तीन हातांवर उभे होते. एक वाक्य बोलले असते तर सगळा बोल त्या माणसाच्या अंगावरून उतरला असता. ते बोलले नाहीत. मला तिथे उभं राहायची शरम वाटली आणि निघून जायचीही शरम वाटली. शेवटी साहेबांनी ओंजळभर फुलं घेतली आणि घरी जाऊन त्याच वाशेळ्या फुलांचं तोरण आपल्या दाराला लावलं. त्यांच्या बायकोने ते काढायला हात घातला तर त्यांनी काढू दिलं नाही. सोनं द्यायला आलेला प्रत्येक माणूस नाक मुरडून आत गेला.

पुढच्या आठवड्यात खालच्या गावची माणसं गेटवर आली. फुलं एकट्या सुमनताईंची खराब झाली नव्हती. मॅनेजरने साहेबांना बोलावून घेतलं. "लाईट गेली होती म्हणा. लाईटवर कुणी शंका घेत नाही." आम्ही चार-पाच जण तिथे होतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना तो तोडगा सोयीचा वाटला.

साहेब गेटबाहेर गेले. घोळक्यात सुमनताई आणि दाजीही होते. "त्या दिवशी लाईट..." असं साहेबांनी सुरू केलं, दाजींकडे बघितलं आणि थांबले. मग म्हणाले, "लाईट होती. मशीन मी बंद ठेवलं होतं. खंडेनवमी होती म्हणून. हौद भरत आलाय असा फोनही आला होता मला. मावेल म्हणालो. फुलं माझ्यामुळे गेली. गोण्यांमुळे नाही."

आता हे लोक साहेबांना फाडून खातील असं मला वाटलं. झालं भलतंच. एक म्हातारे बाबा पुढे आले. "खंडेनवमीला इंजान तर आमी पन नाय चालवत, साहेब. तुमी देवाचं केलं. त्याला इलाज नाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आलेला राग होता तिथल्या तिथे विरला. मशीनला विसावा देणारा साहेब त्यांना चुकलेला वाटलाच नाही, आपल्यातला वाटला. जाताना एकाने तर साहेबांना वाकून नमस्कार केला.

सुमनताई मात्र मागे राहिल्या. "दादा, फुलाचं मरू दे," त्या म्हणाल्या. "मी ह्यांना चार लोकांत बोलले तव्हा तू तिथंच उभा व्हता."

 दाजी "चल आता" म्हणाले आणि ती दोघं गेली.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी खिडकीशी सरकून मला जागा करून दिली. मग म्हणाले, "कुणीतरी शिव्या द्यायला पाहिजे होत्या हो मॅडम. नमस्कार काय करतात." त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता. मलाही मान वर करवेना. आमच्या मॅनेजरची, त्याच्या तोडग्याला माना डोलावणाऱ्या आम्हा सगळ्यांची आणि देवाचं नाव पुढे आलं की कुणालाही सोडून देणाऱ्या त्या भल्या माणसांचीही मला लाज वाटत होती.

त्यानंतर साहेब बदलले. इंटरकॉमवर घाणच बोलायची, पण त्यातली मजा गेली होती. पाहुणे आले तर ग्लास पुंजाराम दाखवायचा, साहेब लांब उभे राहायचे. खंडेनवमीला त्यांनी मशीन पुन्हा कधीच बंद ठेवलं नाही. पुंजारामने पहिल्या वर्षी हात जोडून विनवलं, तर म्हणाले, "पाप माझ्या नावावर लाव आणि बटण दाब." मग स्वतः खुर्ची टाकून दिवस मावळेपर्यंत हौदाशी बसले. पुढे दरवर्षी बसत राहिले. सुमनताई आमच्या कोपऱ्यावर फुलं घेऊन परत आल्या नाहीत. निफाडलाच विकत. भाऊबीजेला साहेब जात, ओवाळून घेत, जेवत आणि रस्त्याकडच्या दाराने परत येत. घरामागच्या मळ्यात त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"इंजिन तिनं नाल्यावरून केव्हाच हलवलं असणार," ते मला एकदा म्हणाले. "मी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारू?"

ते निवृत्त झाले. काही वर्षांनी मीही नोकरी सोडली. मग एका भाऊबीजेला त्यांचा फोन आला. गुडघे गेले होते, बसला तोबा गर्दी, मी नेऊन सोडीन का? माझा भाऊ परदेशात, मला तरी कुठे जायचं होतं? मी गाडी काढली.

ओवाळणं झालं. दाजी बाजारात गेले होते. सुमनताई आता पांढऱ्या केसांच्या झालेल्या, पण हात तसेच चपळ. मला कोथिंबीर द्यायची म्हणून त्या मळ्याकडे निघाल्या, मी त्यांच्यामागे, आणि मागे वळून बघते तर काठी टेकत साहेबही येत होते. का आले कोण जाणे. मळ्यात ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या होत्या. कडेला नवीन बोअर होती. नाल्याच्या बांधावर पत्र्याखाली जुनं इंजिन गंजत पडलं होतं.

साहेब त्या इंजिनाकडे बघत म्हणाले, "बरं केलंस सुमे. तेव्हाच बंद केलंस ना?"

"तव्हा कुठं?" सुमनताई म्हणाल्या. "तू रिटायर झाला तव्हा. तंवर तुझंच पाणी भरत व्हते."

"इतकी वर्षं? खंडेनवमीलासुद्धा?"

"मग? तू बसायचा ना तिथं. पुंजाराम सांगायचा. आता तिथं कोन बसतं मला काय ठावं? मग बोअर घेतली."

 साहेब म्हणाले, "माझ्याच हातून झालं होतं गं."

"येकदा झालं," त्या म्हणाल्या आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात वाकल्या.

साहेबांनी नाल्याकडे तोंड फिरवलं. काठीवर दोन्ही हात ठेवून ते पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी पटकन वाफ्यात बसले आणि सुमनताईंबरोबर कोथिंबीर उपटू लागले. त्यांनी वर बघितलं नाही, मीही नाही. दोघींच्या मुठी भरल्या, पदर भरले, तरी आम्ही उपटतच राहिलो.